कोळशाच्या शेगडीवरील भडका : कारणे आणि प्रतिबंध

रब्बी ज्वारीचा हुरडा सुरू झाला की शहरातील मंडळी शेतावर येऊ लागतात. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. शेतावर पाहुण्यांची सोय करून चार पैसे जोडणे हा अनेक शेतकरी कुटुंबांचा आता रीतसर पूरक व्यवसाय झाला आहे. पाहुण्यांच्या मागणीप्रमाणे हुरड्याच्या आगटीच्या जोडीला कोळशाची शेगडीही आली. घरच्या कोंबड्या, शेततळ्यातील मासे, मक्याची कणसे, रताळी जाळीवर भाजून दिली जातात. काही ठिकाणी मांस व मासे धुरीवर शिजविण्यासाठी धुरीपेटीही वापरली जाते.

हुरड्याची आगटी आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. गोवऱ्यांच्या विस्तवात कणसे खुपसली की त्यातून तेल किंवा चरबी गळत नाही. कोळशाच्या शेगडीवर मात्र कोंबडीची व माशांची चरबी थेट निखाऱ्यावर पडते. अशा वेळी एकाएकी हात-दीड हात उंचीची ज्वाळा उठते. यालाच भडका म्हणतात. भडक्याने हात, चेहरा, भुवया भाजतात, अंगावरचे कपडे पेटतात. शेजारी कडब्याची गंजी किंवा उसाचे पाचट असेल तर वर्षभराचा चारा आणि गोठाही धोक्यात येतो. पाहुण्यांची, विशेषतः लहान मुलांची जबाबदारी यजमान शेतकऱ्यावर असते, हेही विसरून चालणार नाही.

भडका हा दैवाचा भाग नाही. तो ठरावीक कारणांनीच होतो आणि ती सर्व कारणे शेगडी पेटविण्यापूर्वीच आपल्या हातात असतात. ती कोणती व त्यांचा बंदोबस्त कसा करावा, हे या लेखात पाहू.

भडका कसा होतो?

कोणत्याही आगीला तीन गोष्टी लागतात : जळण, हवा आणि उष्णता. चांगला पेटलेला कोळसा ज्वाळेशिवाय, लाल होऊन जळतो. कारण लाकडातील ज्वाळा देणारे बहुतेक वायू कोळसा तयार होतानाच निघून गेलेले असतात. म्हणजे निखाऱ्यात उष्णता भरपूर असते, हवाही असते. फक्त ज्वाळेने जळणारा पदार्थ नसतो. तो पदार्थ बाहेरून मिळाला की भडका होतो. असा पदार्थ तीन मार्गांनी येतो :

१) मांस, मासे किंवा मसाल्यातून गळणारी चरबी व तेल.
२) पेटविण्यासाठी ओतलेले रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोल.
३) झाकण बंद असताना आत साठलेला, न जळलेला धूर व वायू.

या तिन्हींचा क्रमाने विचार करू.

ठिबकणारी चरबी

लाल निखाऱ्याचे तापमान ६०० ते ७०० अंश सेल्सिअसच्याही वर असते. त्यावर पडलेल्या चरबीची क्षणात वाफ होते व ती वाफ पेट घेते. एक-दोन थेंबांनी नुसते चरचरते. पण जाळी भरून तंगड्या मांडल्या आणि सर्वांची चरबी एकाच वेळी वितळू लागली की ज्वाळा जाळीच्या वर येते. त्या ज्वाळेने मांस आणखी तापते, आणखी चरबी गळते आणि भडका स्वतःच स्वतःला वाढवीत जातो. पुढील उपाय केल्यास ही साखळी सुरूच होत नाही.

अ) चरबी आधीच कमी करावी. ब्रॉयलर कोंबडीची कातडी व पोटाकडील पिवळी चरबी काढून टाकावी. बोकडाच्या मटणावरील जाड पांढरा थर छाटावा. पंगस माशाच्या पोटाचा भाग फार तेलकट असतो; तो जाळीवर न टाकता रश्श्यासाठी ठेवावा. बांगडा व तारली हे तेलकट मासे आहेत. तारलीतील तेलाचे प्रमाण हंगामानुसार बरेच बदलते. म्हणून हे मासे एका वेळी थोडेच ठेवावेत.

ब) मसाल्यात तेल बेताचे घालावे. दही, आले-लसूण, लिंबू यांत मुरविलेले मांस जाळीवर ठेवण्यापूर्वी निथळून घ्यावे. वरून तेल लावायचेच असेल तर ब्रशने पातळ हात फिरवावा आणि तोही तुकडा निखाऱ्यापासून बाजूला घेऊन. वाटीने किंवा पळीने तेल सोडू नये.

क) निखारे सगळीकडे पसरू नयेत. हा सर्वांत महत्त्वाचा उपाय आहे. शेगडीच्या दोन-तृतीयांश भागातच निखारे ठेवावेत व एक-तृतीयांश भाग रिकामा सोडावा. निखाऱ्याची बाजू ती ‘गरम बाजू’ व रिकामी ती ‘थंड बाजू’. चरबीचे तुकडे आधी थंड बाजूला, झाकण ठेवून शिजवावेत. शेवटी दोन-चार मिनिटे गरम बाजूला घेऊन रंग आणावा. थंड बाजूच्या खाली पत्र्याची उथळ ताटली ठेवावी व तिच्यात बोटभर पाणी आधीच घालून ठेवावे. चरबी पाण्यात पडते, पेटत नाही. पाणी आटू देऊ नये. ते आटले तर तापलेल्या ताटलीतील चरबीच पेट घेते. पाणी वाढवायचे ते ताटली पूर्ण कोरडी होण्याच्या आत, ज्वाळा नसताना आणि लांब नळीच्या भांड्याने.

ड) जाळी व निखारे यांत अंतर ठेवावे. साधारण १५ सें.मी. म्हणजे वीतभर अंतर पुरेसे होते. जाळी पूर्ण भरू नये. तुकडे सरकविण्यासाठी निदान पाव भाग मोकळा ठेवावा.

या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे. भडक्यात कोंबडी बाहेरून काळी पडते व आत कच्ची राहते. कोंबडीच्या जाड भागात, हाडाजवळ ७४ अंश सेल्सिअस तापमान आले म्हणजे ती खाण्यास सुरक्षित होते. खाद्यपदार्थासाठीचा सुईसारखा तापमापक बाजारात मिळतो. पाहुण्यांसाठी नेहमी रांधणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा. शिवाय निखाऱ्यावर जळालेल्या चरबीच्या धुरात बेंझोपायरीनसारखी कर्करोगास कारण ठरणारी द्रव्ये असतात व ती मांसावर बसतात. तेव्हा भडका टाळणे हे पाहुण्यांच्या आरोग्याच्या दृष्टीनेही हिताचे आहे.

पेटविताना रॉकेल वा पेट्रोल नको

कोळसा लवकर पेटावा म्हणून रॉकेल ओतण्याची सवय सर्वत्र दिसते. भारतीय मानकानुसार रॉकेलचा ज्वलनांक किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. याचा अर्थ असा की, या तापमानाच्या आसपास रॉकेलमधून पेट घेण्याइतकी वाफ निघू लागते. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. म्हणजे तेथे नुसत्या हवेच्या उष्णतेनेही रॉकेल धोकादायक होते. पेट्रोलची वाफ तर कडाक्याच्या थंडीतही निघते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते. पेट्रोल व थिनर शेगडीच्या जवळपासही आणू नयेत.

सर्वांत घातक असते ते ‘दुसऱ्यांदा ओतणे’. कोळसा विझला असे वाटते, वरून ज्वाळा दिसत नाही, म्हणून पुन्हा रॉकेल ओतले जाते. पण आतले निखारे धगधगत असतात. त्यांवर पडलेल्या रॉकेलची आधी पांढरी दाट वाफ होते आणि दुसऱ्याच क्षणी ती सगळी एकदम पेटते. ज्वाळा ओतल्या जाणाऱ्या धारेवरून चढत हातातील डब्यापर्यंत येते. म्हणून एकदा काडी लावल्यानंतर शेगडीत कोणतेही ज्वालाग्राही द्रव कधीही ओतू नये. कोळसा पेटला नसेल तर वारा द्यावा, सुके जळण द्यावे. द्रव देऊ नये.

रॉकेलशिवाय कोळसा पेटविण्यासाठी डब्याची चिमणी घरीच करता येते :

१) खाद्यतेलाचा १५ किलोचा रिकामा पत्र्याचा डबा घ्यावा. तो सोडा व गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा. वरचे तोंड पूर्ण कापून काढावे.
२) तळाला व तळापासून चार बोटांपर्यंत चारही बाजूंना बोट जाईल एवढी भोके पाडावीत.
३) तळापासून ८ ते १० सें.मी. उंचीवर दोन-तीन जाड सळया आरपार घालून त्यांवर लोखंडी जाळी बसवावी.
४) बाजूला लाकडी मुठीची लोखंडी कडी घट्ट बसवावी.
५) पहिल्या वेळी आत थोडे सुके जळण घालून डबा नुसताच जाळून घ्यावा, म्हणजे बाहेरील रंग जळून जाईल. या वेळी धुरात उभे राहू नये.

वापरताना डबा विटांवर ठेवावा. जाळीखाली कागदाचे बोळे, नारळाची सोडणे किंवा गोवरीचे तुकडे घालावेत व जाळीवर कोळसा भरावा. खालून पेटविले की गरम हवा वर चढते, खालच्या भोकांतून ताजी हवा ओढली जाते आणि साधारण २० ते २५ मिनिटांत वरच्या कोळशावर राखेचा करडा थर दिसू लागतो. मग हातमोजे घालून निखारे शेगडीत हळूच ओतावेत. अन्न जाळीवर ठेवायचे ते निखाऱ्यावर करडी राख आल्यानंतरच. काळा कोळसा व पिवळी ज्वाळा दिसत असताना ठेवू नये.

कोळसाही पारखून घ्यावा. बाभळीचा किंवा वेड्या बाभळीचा पूर्ण जळालेला कोळसा वजनाला हलका असतो, आपटला तर खणखणीत वाजतो आणि तुटल्यावर आत काळा चकचकीत दिसतो. अर्धवट जळालेला तांबूस तुकडा म्हणजे अजून लाकूडच. तो धूर व ज्वाळा देतो. ओला कोळसा तडतडतो व ठिणग्या उडवितो. म्हणून कोळसा कोरड्या जागी, पोत्यात, जमिनीपासून उंच ठेवावा. रंग दिलेले लाकूड, प्लायवूड किंवा वाळवीचे औषध मारलेले लाकूड अन्नाखाली कधीही जाळू नये.

झाकणाखाली साठलेला वायू

झाकण असलेल्या शेगडीचा वापर सर्वत्र वाढला तो अलीकडचाच. अमेरिकेत शिकागोजवळ धातुकाम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ साली समुद्रात तरंगणाऱ्या धातूच्या बोयाचे दोन भाग करून खाली शेगडी व वर झाकण अशी रचना केली. वारा व पाऊस यांपासून निखारा वाचविणे आणि हवा मोजून देणे, हा त्यामागील विचार होता. हवा कमी-जास्त करता येणे हीच झाकणाच्या शेगडीची व धुरीपेटीची खरी ताकद आहे. पण तेथेच एक धोकाही आहे.

हवेची सर्व भोके बंद केली की निखारे गुदमरतात. मात्र उष्णता कायम असते. अशा वेळी कोळसा, लाकडाचा भुसा व चरबी यांतून निघणारे वायू न जळता आत साठतात. मग कोणी झाकण एकदम उघडले की ताजी हवा आत घुसते आणि साठलेला वायू एका दमात पेटतो. ज्वाळा थेट उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. म्हणून झाकण उघडताना पुढील क्रम पाळावा :

१) आधी वरचे हवेचे भोक उघडावे व अर्धा ते एक मिनिट थांबावे.
२) तोंड बाजूला ठेवून, शेगडीच्या कडेला उभे राहावे. वाकून आत पाहू नये.
३) झाकण दोन-तीन बोटे उचलून दहा सेकंद तसेच धरावे.
४) नंतर झाकण आपल्या व आगीच्या मध्ये ढालीसारखे राहील अशा रीतीने पूर्ण उचलावे.

शिजवीत असताना वरचे भोक कधीही पूर्ण बंद करू नये. उष्णता कमी करायची ती खालचे भोक लहान करून. दोन्ही भोके बंद करायची ती फक्त आग विझविताना.

पिंपाची शेगडी : विशेष इशारा

गावातील वेल्डिंगच्या दुकानातून २०० लिटरचे पिंप उभे चिरून शेगडी करून घेतली जाते. ती स्वस्त पडते व टिकतेही. परंतु त्यात तीन गोष्टी जिवावर बेतू शकतात.

पहिली, रिकाम्या दिसणाऱ्या तेलाच्या, डिझेलच्या किंवा थिनरच्या पिंपात वाफ शिल्लक असते. गॅस कटर किंवा वेल्डिंगची ठिणगी लागताच असे पिंप बॉम्बसारखे फुटते. पिंपात पूर्वी काय होते हे माहीत नसेल तर ते कापायला देऊ नये. दुसरी, कीटकनाशकाचे किंवा रसायनाचे पिंप कितीही धुतले तरी अन्नासाठी वापरू नये. तिसरी, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा जाळी तापल्यावर विषारी धूर सोडते. म्हणून साध्या, बिनमुलाम्याच्या लोखंडाची शेगडी व पोलादी जाळी घ्यावी. शेगडीचे पाय रुंद असावेत. लहान मुलाचा धक्का लागला तरी ती कलंडता कामा नये.

जागेची निवड

शेतावर जळणारे पदार्थ चहूकडे असतात, हे लक्षात घेऊन जागा ठरवावी.

१) कडब्याची गंजी, पाचट, भुसा, गवती छप्पर व गोठा यांपासून शेगडी किमान १५ मीटर दूर व वाऱ्याच्या खालच्या अंगाला असावी. पक्क्या भिंतीपासूनही तीन मीटर अंतर ठेवावे.
२) शेडनेटखाली, मांडवाच्या कापडाखाली किंवा झाडाच्या सुक्या फांद्यांखाली शेगडी मांडू नये. शेडनेट, ठिबकच्या नळ्या व आच्छादनाचा कागद हे सर्व प्लॅस्टिक आहे. ते वितळते, पेटते आणि पेटते थेंब खाली पडतात.
३) शेगडीभोवती दोन मीटरपर्यंत गवत काढून जमीन उघडी करावी व पाणी शिंपडावे.
४) शेगडीखाली नदीतले ओले गोटे लावू नयेत. आतील पाण्याची वाफ होऊन ते फुटतात व कपच्या उडतात. भाजलेल्या विटा वापराव्यात.
५) फेब्रुवारी ते मे या काळात दुपारी वावटळी उठतात. अशा वेळी शेगडी पेटवू नये. वारा वाढला तर झाकण लावून भोके बंद करावीत.
६) गॅसची टाकी, फवारणीचा पंप, डिझेलचे कॅन व कीटकनाशके त्या आवारात ठेवू नयेत.
७) शेगडीभोवती दोरी बांधून मुलांसाठी सीमा आखावी. शेगडीपाशी एक जाणता माणूस सतत असावा व त्याने ती सोडून जाऊ नये.

शेगडीवर काम करणाऱ्याने सुती, अंगाबरोबरचे कपडे घालावेत. पदर, ओढणी खोचून घ्यावी. नायलॉनचे कपडे पेटल्यावर वितळून कातडीला चिकटतात. चिमटा व उलथणे किमान ४० सें.मी. लांबीचे असावे.

धुरीपेटी वापरताना

धुरीपेटीत अन्न कित्येक तास राहते, त्यामुळे गळणाऱ्या चरबीचा साठाही मोठा होतो. गरम धुरीत मासे शिजविताना पेटीतील तापमान सर्वसाधारणपणे ७० ते ८० अंश सेल्सिअस ठेवतात. कोंबडी किंवा मटणासाठी ते ११० अंशांच्या आसपास असते. या तापमानाला चरबी पेटत नाही. ती निखाऱ्यापर्यंत पोहोचली तरच पेटते. तेव्हा चरबी व निखारा यांची गाठ पडू न देणे, हे धुरीपेटीच्या रचनेचे सूत्र आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने सेनेगल देशातील थियारोय येथील प्रशिक्षण संस्थेबरोबर २००८ साली मासे धुरविण्याची सुधारित भट्टी तयार केली. तिच्यात मासे व निखारे यांच्यामध्ये चरबी गोळा करणारी ताटली असते. चरबी बाहेर काढून घेतली जाते, निखाऱ्यावर पडत नाही. धूरही वेगळ्या रीतीने तयार करून आत सोडला जातो. त्यामुळे धुरातील हानिकारक द्रव्येही कमी होतात. हेच तत्त्व आपण छोट्या प्रमाणावर वापरू शकतो :

१) निखाऱ्याचा कप्पा पेटीच्या बाजूला, वेगळा करावा व धूर नळीने आत आणावा. एकाच पेटीत कप्पे करायचे असतील तर निखारे व अन्न यांच्यामध्ये पूर्ण रुंदीची पत्र्याची ताटली बसवावी आणि धूर तिच्या कडेने वर जाऊ द्यावा.
२) ताटलीला दोन-तीन सें.मी. उतार द्यावा. खालच्या टोकाला नळी जोडून चरबी पेटीबाहेरील लोखंडी डब्यात पडू द्यावी. डबा अर्धा भरला की रिकामा करावा.
३) धुरीसाठी आंबा, पेरू, फणस यांचे लाकूड किंवा नारळाची सोडणे वापरावीत. चिकट राळेचे लाकूड वापरू नये.
४) लाकडाचा भुसा किंचित ओलसर करून, पातळ थरात घालावा. कोरडा भुसा मुठीने निखाऱ्यावर फेकला तर हवेत उडालेले बारीक कण एकदम पेटतात.
५) प्रत्येक वापरानंतर ताटली व जाळी धुण्याच्या सोड्याने घासावी. धुराच्या नळीत साचलेली चिकट काजळी दर आठवड्याला खरवडून काढावी. ही काजळी स्वतःच उत्तम जळण आहे. नळीत पेटली तर आवरत नाही.

भडका झालाच तर

१) घाबरून वारा घालू नये, फुंकू नये.
२) शक्य असेल तर लांब चिमट्याने मांस थंड बाजूला घ्यावे. ज्वाळा हातापर्यंत येत असेल तर मांस जळू द्यावे.
३) झाकण लावून खालचे व वरचे, दोन्ही भोके बंद करावीत. हवा संपली की ज्वाळा बसते.
४) झाकण नसेल तर कोरडी वाळू किंवा भरपूर मीठ ज्वाळेच्या मुळाशी टाकावे. पीठ टाकू नये. पिठाची धूळ स्वतःच पेटते.
५) पेटलेल्या चरबीवर किंवा रॉकेलवर पाणी कधीही टाकू नये. एक लिटर पाण्याची सुमारे १,७०० लिटर वाफ होते. पाणी जळत्या चरबीखाली जाऊन उकळते आणि पेटती चरबी चहूकडे उडते.
६) आग शेगडीबाहेर गेली तर माणसे दूर न्यावीत व १०१ क्रमांकावर अग्निशमन दलाला कळवावे.

पाण्याबाबत घोटाळा होऊ नये म्हणून एवढे ध्यानात ठेवावे : कडबा, पाचट, लाकूड यांच्या आगीवर पाणी योग्य, चरबी, तेल, रॉकेल यांवर झाकण, वाळू किंवा कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे. विजेच्या तारेला लागलेल्या आगीवरही पाणी नको. आधी प्रवाह बंद करावा. शेगडीजवळ वाळूच्या दोन बादल्या व एक पावडरचे नळकांडे, आणि गंजीच्या बाजूला पाण्याची नळी तयार ठेवावी.

कपडे पेटले तर पळू नये. जमिनीवर आडवे होऊन, हातांनी चेहरा झाकून लोळावे, किंवा दुसऱ्याने जाड घोंगडीत गुंडाळावे.

राख आणि विषारी वायू

रात्री शेगडी विझली असे वाटते, पण राखेखाली निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहतो. अशी राख उकिरड्यावर किंवा पाचटाजवळ टाकल्याने आगी लागतात. राख झाकणाच्या लोखंडी डब्यात ४८ तास ठेवावी आणि मगच शेतात पसरावी. घाई असेल तर चरबी नसलेल्या राखेवर दूर उभे राहून थोडे थोडे पाणी शिंपडावे व ढवळून हाताला थंड लागते का ते पाहावे.

थंडीच्या दिवसांत पाहुणे रात्री शेगडी खोलीत किंवा तंबूत नेण्याचा आग्रह धरतात. तो मुळीच मानू नये. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट जोडला जातो. आधी डोके दुखते, मळमळते, झोप येते आणि झोपेतच माणूस दगावतो. भडका निदान दिसतो. हा वायू दिसत नाही. विझत आलेली शेगडीही बंद जागेत ठेवू नये. कोणाला अशी लक्षणे दिसली तर लगेच मोकळ्या हवेत आणून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

भाजल्यास प्रथमोपचार

भाजलेला भाग ताबडतोब वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा. सूज येण्यापूर्वी अंगठी, बांगड्या, घड्याळ काढावे. कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. बर्फ, हळद, तूप, शाई, दंतमंजन लावू नये. फोड फोडू नयेत. स्वच्छ सुती कापडाने सैल झाकावे. चेहरा, हात किंवा सांधा भाजला असेल, भाजलेला भाग तळहातापेक्षा मोठा असेल किंवा भाजलेली व्यक्ती लहान मूल वा वृद्ध असेल तर विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

पेटविण्यापूर्वीची तपासणी

शेगडी पेटविण्यापूर्वी पुढील प्रश्न स्वतःला विचारावेत. एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल तर काडी लावू नये.

• गंजी, छप्पर, शेडनेट पुरेसे दूर आहे का?
• मागच्या वेळची चरबी व काजळी साफ केली आहे का?
• निखाऱ्याशिवायची थंड बाजू व पाण्याची ताटली आहे का?
• झाकण नीट बसते का? दोन्ही भोके उघड-बंद होतात का?
• रॉकेल, डिझेल आवाराबाहेर आहे का?
• वाळूच्या बादल्या व अग्निशामक नळकांडे हाताशी आहे का?
• शेगडीपाशी शेवटपर्यंत कोण थांबणार, हे ठरले आहे का?

यांपैकी बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, थोडा विचार व शिस्त लागते. चरबी निखाऱ्यावर पडू न देणे, पेटत्या शेगडीत द्रव न ओतणे, झाकण सावकाश उघडणे आणि भडका झाल्यास पाण्याऐवजी झाकण वापरणे, या चार गोष्टी घरातील सर्वांना व कामावरील गड्यांना समजावून सांगाव्यात. पाहुणे येण्याच्या आधी एकदा विझलेल्या शेगडीवर झाकण लावण्याचा व भोके बंद करण्याचा सराव सर्वांकडून करून घ्यावा. प्रसंगी विचार करायला वेळ नसतो. सराव असेल तर हात आपोआप झाकणाकडे जातो.